सातव्या धड्यातलं शून्य

"आता डावीकडच्या पट्टीतून ग्राउंड निवडा आणि रेझिस्टरच्या खालच्या टोकाला जोडा. सर्किटमध्ये कुठेही जोडलं, तरी ग्राउंड हा एकच नोड असतो. आणि त्याचं व्होल्टेज..."

जयमाला थांबली. मोबाइलच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ थोडी थरथरली आणि सरळ झाली.

कोठीच्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांमध्ये, डोक्यावरून गोधडी घेऊन ती बसली होती. पोती आवाज पिऊन टाकतात, हे तिला दुसऱ्या धड्याच्या वेळी कळलं होतं. समोर लॅपटॉपवर सर्किटचं चित्र, मांडीवर छापलेली स्क्रिप्ट, गालावर घामाचे ओघळ.

"झालं का वो?" ओसरीतून सत्यभामाबाईंनी विचारलं. "का अजून तोंड बंदच ठेवू मी?"

"अजून एक डाव, आत्याबाई."

"चार डाव झाले. ठसका दाबून दाबून छातीत गोया झाला माया."

सासूबाईंचं खरं होतं. जयमालाचं रेकॉर्डिंग सुरू झालं की घरानं गप्प बसायचं, असा नियमच पडला होता. शेजारी पिठाची गिरणी. लाइट असली की ती घरघरत असायची. म्हणून लाइट गेली की जयमाला कोठीत शिरायची आणि लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत बोलायची. विजेचे धडे वीज नसताना, असं सत्यभामाबाई आल्यागेल्याला सांगत आणि स्वतःच हसत.

काम तसं साधं होतं. पुण्याच्या एका संस्थेनं सर्किट सिम्युलेशनचे बारा धडे तयार केले होते. कॉम्प्युटरवर सर्किट काढायचं, बटण दाबायचं, कुठे किती व्होल्टेज आणि किती करंट ते पडद्यावर पाहायचं. तार नको, सोल्डर नको, धक्का नको. खेड्यापाड्यांतल्या आयटीआयच्या, पॉलिटेक्निकच्या मुलामुलींसाठी हे धडे मराठीत हवे होते. जयमालानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, काही वर्षं तासिकेवर लॅबमध्ये शिकवलेलं. भाषांतर तिचं आणि आवाजही तिचाच.

धडे तपासायला प्रसेनजित सर होते. ते पुण्यात. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फोनवर ऐकलं होतं. पहिला धडा बावीस चुका दाखवून परत आला होता.

"जयमालाताई, तुम्ही 'बॅटरीचा मायनस' म्हणालात. निगेटिव्ह टर्मिनल म्हणा."

"हो सर."

"आणि 'वायर तुटली तर सर्किट बंद पडतं' असं नको. मुलांना बंद म्हणजे क्लोज्ड वाटेल, नेमकं उलटं होईल. 'ओपन सर्किट' म्हणा, इंग्रजीच ठेवा. जे पडद्यावर लिहिलंय ते आणि तेच तोंडात आलं पाहिजे. मुलगा एक ऐकेल आणि दुसरं वाचेल, तर तो तिथंच हरवला."

तिला ते पटलं होतं. चिखलीकडच्या त्यांच्या गावात, उंद्रीत, स्टँडजवळ तिच्या नवऱ्याचं, उत्तमचं, मोटर वायंडिंगचं दुकान. तिथं मोटर जळली तरी लोक 'शॉट झाली' म्हणत, तार सुटली तरी 'शॉट झाली', नुसतं बटण खराब झालं तरी 'शॉट झाली'च. एका शब्दात शंभर आजार. लग्नानंतर नवी नवी असताना ती जेवताना उत्तमला एकेक शब्द सांगायची. हा शॉर्ट, हा ओपन, हा ओव्हरलोड. तो भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून ऐकायचा. दहावी नापास माणूस, पण हाताला डोळे होते. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकाला ऐटीत सांगायचा, "शॉट नाई झाली काकाजी, ओपन सर्किट हाय." गिऱ्हाईक चाट पडायचं. उत्तम घरी येऊन तिला 'मॅडम' म्हणायचा.

सहा वर्षं झाली त्याला जाऊन. दिवस उगवतो, दिवस मावळतो, चूल पेटते, चूल विझते. लोक आधी येऊन रडत, मग येऊन बसत, मग येईनासे झाले. जयमालाला रडू येत नसे. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो पण आपला नसतो, तसं तिला सगळंच होतं. सहा धडे तिनं याच आवाजात वाचले होते. "स्पष्ट आणि स्थिर आवाज," असं सरांनी शेऱ्यात लिहिलं होतं.

सातवा धडा ग्राउंडचा. त्यातलं एक वाक्य चार वेळा तिच्या तोंडाशी येऊन परत गेलं. नळ उघडावा आणि पाणीच येऊ नये, एवढंच.

पाचव्या वेळी ती एका दमात म्हणाली, "त्याचं व्होल्टेज शून्य असतं." आणि तिथं न थांबता स्क्रिप्टमध्ये नसलेलं एक वाक्य तिनं पुढे जोडलं. "हे शून्य सिम्युलेशनमधलं आहे, शेतात रोवलेल्या सळईचं शून्य असं नसतं, तिच्या वायरीला हात लावू नका."

मग गोधडी काढली आणि धडा पुण्याला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेरा आला. "२ मिनिटं १२ सेकंद. जादा वाक्य, मूळ स्क्रिप्टमध्ये नाही. पडद्यावर तोवर पुढचं चित्र येतं. काढावे."

तिनं शेरा दोनदा वाचला. सासूबाई अंगणात उडीद पाखडत होत्या. त्यांना 'येतो' म्हणून ती स्टँडकडे निघाली.

दुकानावरची पाटी अजून तीच होती: 'उत्तम रहेमत मोटर वायंडिंग'. आत रहेमतुल्लाभाई साच्यावर तांब्याची तार गुंडाळत बसले होते. उत्तमचे भागीदार, वयानं थोडे मोठे. तार गुंडाळताना ते ओठांतल्या ओठांत वेढे मोजत, आणि मोजता मोजता जगाशी बोलत. आकडा कधी चुकत नसे.

"एकशे चाळीस... या भाभी, बसा. एक्केचाळीस... आज इकडं कशा? चाय मांगवू?"

"चाय नको. एक विचाराचं होतं. शिवारात अजून रॉड लावतात का लोक?"

"लावतात का?" ते हसले. "आधं शिवार रॉडवरच हाय. थ्री फेज गेला, एकच फेज राह्यला, का दे रॉड. कालच एक जन मोटर घेऊन आला, म्हने भाऊ, शॉट झाली. म्या म्हनलं, शॉट नाई बे, तुया रॉड सुकला. घरी जा अन पानी टाक."

उत्तमच्याही शेतात तसाच रॉड होता. खांबावरून एक जिवंत वायर तेवढी मिळे. दिवा लावायचा, छोटी टिल्लू मोटर चालवायची, तर परतीची दुसरी वायर हवी. ती लोक जमिनीकडून घेत. लोखंडी सळई हातभर रोवायची, तिला वायर बांधायची, झालं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की जमीन वीज घेईना. दिवा लाल पडे, मोटर नुसती गुणगुणे. मग सळईच्या बुडाशी मीठ टाकून बादलीभर पाणी ओतायचं. सकाळी तुळशीला तांब्या, सळईला बादली, असं बऱ्याच घरांत चाले. पाणी प्यायली की जमीन पुन्हा वीज घेई.

"माया धड्यात म्या त्याच्यावर एक वाक्य टाकलं होतं," जयमाला म्हणाली. "पुन्यावाल्याईनं काढाले लावलं."

"काढा त मंग. त्याईले काय ठाऊक रॉड. एकशे छपन्न... सत्तावन्न..."

"रहेमतभाई, ह्याईले मीच सांगतलं होतं."

तार फिरत राहिली.

"हे गेले त्याच्या आदल्या दिवशी जेवताना इचारे मले, रॉडच्या वायरीले हात लावला त झटका बसन का वो मॅडम? म्या म्हनलं, कायचा झटका, ग्राउंड हाय न ते. ग्राउंड इज झिरो. इंग्रजीतच म्हनलं. पुस्तकात तसंच होतं."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सहा वर्षं तिनं ते वाक्य आत ठेवलं होतं, आणि ते बाहेर आलं तेव्हा बाजारहाटाच्या गोष्टीसारखं आलं. तिलाच नवल वाटलं.

साचा थांबला. रहेमतुल्लाभाई हातातल्या तारेकडे पाहत म्हणाले, "मालूम हाय मले."

"काय मालूम हाय?"

"हेच. त्या दिवशी सकायी इथीसा बसून सांगे मले, आमची मॅडम म्हनते, ग्राउंड इज झिरो. दोन-चार डाव म्हनला. तुमच्यावानी म्हनाची कोशिश करे. 'झिरो'ले लय लंबा खेचे." त्यांनी मान खाली घातली. "मंग दुपारी शेतात मोटर गुनगुनली, अन रॉड वल्ल्या मातीत सरकवाले गेला त वायर हातात धरूनच गेला. फेज बंद नाई केला. झिरोच हाय म्हने."

"तवापासून ठाऊक हाय तुमाले?"

"हाव."

"मंग बोलले काऊन नाई? मले नाई, आत्याबाईले नाई, कोनालेच नाई."

"कोन्या तोंडानं बोलू भाभी? मी समोर बसून होतो न. वीस वर्सं तारा गुंडाळून राह्यलो, अन मीबी 'नाई' म्हनलो नाई त्याले. मलेबी वाटलं, बुकातलं हाय, खरंच असन." त्यांनी साच्याकडे पाहिलं. "गिनती गेली."

त्यांनी टोक शोधलं आणि गुंडाळलेली सगळी तार ते उलटी उकलू लागले. उन्हात तांब्याची वेटोळी त्यांच्या पायाशी पडत राहिली. जयमाला थोडा वेळ ते पाहत बसली, मग उठली. "येतो," म्हणाली. ते "हाव" म्हणाले.

घरी येताना रस्त्यात दोघीतिघींनी हटकलं, तिनं उत्तरं दिली. काय विचारलं आणि काय सांगितलं, ते घरी पोचेपर्यंत आठवेना. आधं शिवार रॉडवर हाय, हे तेवढं आठवत होतं. त्या शिवारातल्या घरांतून पोरं-पोरी चिखलीला, खामगावला आयटीआयला जातात. पोरगी सातवा धडा ऐकून घरी येईल. बाप विचारेल, हात लावू का वो याले? आणि जयमालाच्या स्पष्ट आणि स्थिर आवाजात शिकलेली पोरगी सांगेल.

तिनं पुण्याला फोन लावला. आजवर तिनं स्वतःहून कधी लावला नव्हता.

"सर, ते सातव्या धड्यातलं वाक्य. मला ते ठेवायचंय."

"ताई, वाक्य चुकीचं नाही. पण ते वेगळ्या गोष्टीबद्दल आहे." प्रसेनजित सरांचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता. "सर्किटमधला ग्राउंड म्हणजे रेफरन्स नोड. आपण एका नोडला शून्य मानतो आणि बाकीचे त्याच्यापासून मोजतो. मानतो, बरं का. तुम्ही म्हणताय ती सळई म्हणजे अर्थिंग इलेक्ट्रोड. त्याला रेझिस्टन्स असतो, कोरड्या मातीत फार वाढतो, वायरीवर व्होल्टेज चढतं. तो धडा यात नाहीच."

"मानतो," जयमाला म्हणाली.

"काय?"

"आम्हाला शिकवताना 'असतं' म्हणाले होते, सर. 'मानतो' कुणी म्हणालं नव्हतं. स्क्रिप्टमध्येपण 'असतं'च आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "हो. आहे खरं."

"आमच्याकडे लोक जमिनीत सळई रोवून दिवा लावतात. त्यांना दोन्ही ग्राउंड एकच. त्यांनी पडद्यावर ऐकलं शून्य, की सळईपण शून्य. मुलगा एक ऐकेल आणि दुसरं धरेल, सर. तुम्हीच म्हणता, जे ऐकलं तेच असलं पाहिजे."

पलीकडे कागद पुन्हा उलटला.

"कुणी गेलंय का ताई तिकडे? असं?"

"हो."

त्यांनी पुढे विचारलं नाही. कीबोर्ड वाजला, काहीतरी पुढेमागे करून पाहिल्यासारखा. "चित्र बदलता येत नाही, ते मूळ धड्याचं आहे. पूर्ण वाक्य बसणार नाही. पण 'व्होल्टेज' म्हटल्यावर पडदा दीड सेकंद स्थिर आहे. दीड सेकंद मी देऊ शकतो. त्यात बसेल आणि नेमकं असेल, असं काहीतरी सांगा. चूक निघाली तर वरून परत येईल आणि मग मला काही करता येणार नाही."

"उद्या सांगते."

"घाई नाही."

ती पोत्यांमध्ये जाऊन बसली. दीड सेकंद. मोबाइलवरच्या घड्याळाकडे पाहत तिनं एकेक शब्द तोंडात धरून पाहिला. 'अर्थिंग इलेक्ट्रोड वेगळा' हे नेमकं होतं, पण ज्याला तो ठाऊक नाही त्याला ते काय सांगणार? 'जमिनीवर विश्वास नको' हे कळणारं होतं, पण सर म्हणणार, हे काय इंजिनिअरिंग झालं? 'शून्य मानतात' चांगलं होतं. पण आपण काय काय मानतो आणि तसंच धरून चालतो. मानण्यानं कुणाचा हात मागे येणार? 'फक्त संगणकावर' बसत होतं, पण पडद्यावर कुठेच संगणक लिहिलेलं नव्हतं, आणि ऐकायचं एक, वाचायचं दुसरं, हेच तर नको होतं. पडद्याच्या वरच्या निळ्या पट्टीत एक शब्द पहिल्या धड्यापासून होता. तो त्या मुलांच्या तोंडात आतापर्यंत बसलेला असणार.

तिनं तो आपल्या एका साध्या शब्दाला बांधला आणि वेळ मोजला. बसला.

तेवढंच सरांना लिहून पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. "यात चूक काढता येणार नाही. नेमकं आहे. रेकॉर्ड करा."

दुसऱ्या दिवशी लाइट गेली तशी तिनं ते वाक्य रेकॉर्ड केलं. एकाच डावात झालं. नेहमीच्या आवाजात. बाहेर येऊन ती ओसरीवर तपासायला बसली, तशा सत्यभामाबाई जवळ सरकल्या.

"मले त ऐकू दे. सहा महिने झाले, घरात बसून मले तोंड बंद ठेवाले लावते, अन बोलते काय थे एक दिवस नाई सांगतलं."

जयमालानं इअरफोन त्यांच्या कानात बसवला. सासूबाईंनी डोळे मिटून कीर्तन ऐकावं तसं ऐकलं. "त्याचं व्होल्टेज, फक्त सिम्युलेशनमध्ये, शून्य असतं." धडा पुढे गेला, संपला. त्यांनी इअरफोन काढून पदरानं पुसला.

"आवाज चांगला हाय तुया. पन काही समजलं असन त शप्पथ. 'शून्य' समजलं अन 'फक्त' समजलं. मधातलं थे काय व्हय?"

"सिम्युलेशन. खोटंखोटं सर्किट, आत्याबाई. पडद्यावरचं. तथी जमीन शून्य रायते."

"अन खऱ्यात?"

"खऱ्यात नाई रायत."

सत्यभामाबाई अंगणाकडे पाहत होत्या. तिथं काही नव्हतं. ऊन होतं आणि उडदाचं फोल. मग त्यांनी विचारलं, "उत्तमले हे ठाऊक होतं का? हे 'फक्त'?"

"नाई," जयमाला म्हणाली. "त्याईनं मले इचारलं होतं. म्या 'फक्त' सांगतलंच नाई. नुसतं शून्य सांगतलं."

जयमाला वाट पाहत होती. शिवीची, हाताची, 'माया लेकाले' या दोन शब्दांची. सहा वर्षं ती याचीच वाट पाहत होती, हे तिला आत्ता कळलं. काही झालं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं जयमालाच्या मांडीवरचा मोबाइल उचलला.

"चाल," ती म्हणाली.

"कुठी?"

"आत. पुन्हा म्हन थे. तू 'फक्त' तोंडातल्या तोंडात म्हनलं. आपल्याच मनाले सांगून राह्यली जशी. बाकीच्याईले ऐकू आलं पाह्यजे न."

"सरांनी पास केलं, आत्याबाई."

"त्याईनं करू दे. मले नाई ऐकू आलं."

दोघी कोठीत शिरल्या. पोत्यांच्या मध्ये एकीचीच जागा होती, तिथं दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. गोधडी दोघींवरून ओढली. आत अंधार, आणि मोबाइलचा हिरवा उजेड. जयमालानं हात पुढे केला, पण सत्यभामाबाईंनी मोबाइल दिला नाही. "तू म्हन. मी धरतो," त्या म्हणाल्या, आणि आजारी माणसाच्या ओठाशी पाण्याचं भांडं धरावं तसा तो त्यांनी सुनेच्या तोंडाशी धरला.

जयमालानं वाक्य म्हटलं. 'फक्त' मोठ्यानं म्हटलं.

हिरवी रेघ उंच गेली आणि खाली आली. वाक्य संपलं तरी म्हातारीचा हात तिथंच होता.